पट्टीवरची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डेस्कवरच्या माणसांना नाही.

मी जव्हारचा बातमीदार. पोशेऱ्याचा काशिनाथ नाशिककडच्या एका कारखान्यात होता — अ‍ॅल्युमिनियमला पोलाद जोडणाऱ्या मशीनवर. भातलावणीला घरी आला तेव्हा मला भेटला. चहाच्या टेबलावर बोट फिरवून त्याने काम समजावलं. वितळवायचं काहीच नाही. फिरत्या पिनेने घासून धातू कणकेसारखा मऊ करायचा. पिन अ‍ॅल्युमिनियममधून चालवायची, पोलादाला जेमतेम लावायची. "जास्त घुसली ना भाऊ, तर वरून चकाचक, आतून पापड. तुमच्या पेपरासारखं." तो हसला. मीही.

मग खिशातून जोडाची पट्टी काढून वाकवली. ती जोडावरच मोडली. दर पाळीला अशी एक पट्टी कापून वाकवून बघायची असते. साहेबांनी ते बंद केलं होतं. तोच माल मोटारगाड्यांत बसत होता. पट्टी माझ्याकडे ठेवताना त्याने एकच मागितलं — नाव नको. घरात पगार त्याचा एकट्याचा. बाकीचे वीटभट्टीवर जाणारे.

नाव मी छापलं नाही. मग चुकलं कुठे? इथे मी दरवेळी थांबतो.

कारखान्याचं म्हणणं विचारायला फोन केला. मॅनेजर म्हणाला, पट्टी आमचीच कशावरून? मी फोटो पाठवला. ऑपरेटर पट्टीवर खिळ्याने आपली खूण ओरखडतो. ती फोटोत होती. नजरचूक? नाही — मी ती पाहिली होती. झाकता आली असती. पण खुणेशिवाय पट्टी त्यांची ठरत नव्हती, आणि मला बातमी हवी होती.

त्याच आठवड्यात काशिनाथला काढलं. पिन त्यानेच चुकीची लावली, असं पत्रक आलं. तेवढंच छापून आलं, चार ओळी. त्या मीच पाठवल्या.

मोखाड्याच्या बाजारात तो भेटला. कारखान्याला कळलं कसं, हे त्याला उमगत नव्हतं. पट्टी माझ्या कपाटात आहे, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. मग संशयाला राहिला त्याच्या खोलीवर राहणारा सूर्यमाळचा देवराम — शाळेपासूनचा दोस्त. पट्टी त्यानेही पाहिली होती.

"देवरामच ना, भाऊ?"

"असेल," मी म्हणालो.

काशिनाथ आता भट्टीवर जातो. देवरामच्या लग्नाला गेला नाही. तो का बोलत नाही, हे देवरामने एकदा मलाच विचारलं — तुम्ही दोघांना ओळखता म्हणून.

माहीत नाही, असं मी सांगितलं.