जबड्यातला चुना

लोदच्या मराठी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये दार फळणीच्या, वर्षातल्या मोठ्या उपासाच्या, संध्याकाळी शेवटचा शोफार येहेझकेलच वाजवायचा. दिवसभराचा उपास, ओठ सुकलेले, तरी एडक्याच्या त्या शिंगातून एकच लांब सूर निघे आणि तो ऐकून माणसं उपास सोडायला घरी वळत. विमानतळाच्या कारखान्यात तो पत्र्याचं काम करी. तिथे तो चारचौघांतला एक. शिंगामुळे त्याला नाव होतं.

साठीच्या आतच त्याचे दात गेले. खालचा जबडा झिजून इतका सपाट झाला की कवळी ठरेना. चौऱ्याऐंशी साली नव्याच्या सणाला, नवीन वर्षाच्या दिवशी, शिंग ओठांना लावताच कवळी उचलली आणि सूर फाटला. बाहेर आवारात सिनेगॉगमधल्याच जॉशुआने विचारलं, "येहेझकेलभाऊ, शोफार वाजवत होता की कढी फुंकत होता?"

सगळे हसले, अमनोन सोडून. बहिणीच्या माघारी येहेझकेलने आणि त्याच्या बायकोने, लीयाने, वाढवलेला हा भाचा आता तेल अविवच्या एका दवाखान्यात दातांचा डॉक्टर होता. त्याने एकदा मामाच्या तळहातावर पांढरे दाणे ठेवले. दात आणि हाडं ज्या खनिजाची असतात तेच हे, फक्त भट्टीत घडवलेलं. हिरडीखाली भरलं की जबड्याचा बांध उंच होतो. ते विषारी नाही, शरीर त्याला परकं मानत नाही. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"म्हणजे चुनाच की," येहेझकेल म्हणाला.

"चुन्याचा शहाणा भाऊ समज, मामा. पुढच्या सणाला शिंग तूच वाजवशील."

वसंतातला वल्हांडणाचा सण उलटल्यावर अमनोनने शस्त्रक्रिया केली. सूज उतरली, पण खालचा ओठ उजवीकडे बधिर राहिला आणि हनुवटीपाशी एक गाठ हाताला लागू लागली. अमनोन म्हणाला, होतं असं, जाईल. बधिरपणा गेला नाही. शिंगाला ओठ कुठे टेकतो आहे तेच येहेझकेलला कळेना. नुसती हवा निघे. आवारात कोणीतरी म्हणालं, भाच्याने मामाला चुना लावला. या वेळी हसणाऱ्यांत येहेझकेल नव्हता. त्याने त्या माणसाला खडसावलं.

उन्हाळ्यात अमनोनने त्याला आपल्या वरिष्ठ डॉक्टर शुलामित यांच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी बोटाने जबडा चाचपला. दाणे सुटे असतात, त्या अमनोनला हिब्रूत म्हणाल्या, पक्के धरले जाण्याआधी सरकून नसेवर दाबले गेलेत. मग त्याला विचारलं, ओठाची जाणीव जाऊ शकते, हे यांना आधी सांगितलं होतंस?

"सांगितलं असतं तर ते हो म्हणालेच नसते. शोफार वाजवतात. आणि हे दाणे वापरून पाहायला मला इतका झिजलेला जबडा दुसरा मिळत नव्हता."

घरात मराठीच बोलणाऱ्या मामाला हिब्रू बाजारापुरती येते, असा अमनोनचा समज होता. कारखान्यात येहेझकेल तीस वर्षं हिब्रूतच बोलत आला होता. त्याला सगळं कळलं, पण तोंडात कापूस होता. घरी येऊनही त्याने लीयाजवळ अवाक्षर काढलं नाही.

दार फळणीच्या आदल्या दिवशी एकमेकांची माफी मागण्याची रीत. अमनोन आला, वाकून मामाच्या हाताला हात लावून म्हणाला, "कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ कर, मामा."

"कळत की नकळत?"

अमनोनने मामीकडे पाहिलं. "नकळत, मामा."

येहेझकेलने स्वच्छ हिब्रूत, शब्दही न बदलता, ते दवाखान्यातलं वाक्य म्हणून दाखवलं. सांगितलं असतं तर ते हो म्हणालेच नसते. अमनोनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. लीयाने काय झालं म्हणून विचारलं. अमनोन उठून गेला. येहेझकेलने त्याला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी शिंग जॉशुआने वाजवलं. सूर दोनदा तुटला. लोक तरी निघाले. उपास सुटल्याशी मतलब. घरी लीयाने चहाचा कप पुढे केला. येहेझकेलने घोट घेतला. तिने पदर पुढे केला तेव्हा त्याला कळलं, चहा हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होता.