सुकटीच्या चटणीचा डबा

काल शेजारणीने सुकट भाजली आणि मला बोरिवलीचं आमचं बोर्डिंग आठवलं. भेटीच्या रविवारी कुणाच्याही घरचा खाऊ पंगतीत सगळ्यांना वाटायचा, असा तिथला नियम. अशाच एका रविवारी लाडू-चकल्या वाटून झाल्या आणि माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा डबा उघडला. तिची आई चारकोपहून चालत सुकटीची चटणी घेऊन आली होती. दर शुक्रवारी तळलेलं पापलेट खाणाऱ्या मेट्रनबाईंनी नाकाला रुमाल लावला. “हा वास इथे नको. जा, फेकून ये.” आई दारातच उभी होती. मुलगी म्हणाली, “बाई, वाटायचा नियम आहे ना?” आणि सरळ पंगतीत वाढायला लागली. मी दोनदा मागून घेतली. आम्हां दोघींना रात्री उपाशी ठेवलं, ते सोसलं. पण पुढच्या रविवारपासून तिच्या आईला फाटकाच्या आत घेतलं नाही. मायलेकी गजांतून बोलायच्या. मेट्रनबाई कधीच वारल्या असतील. मी त्यांना माफ केलेलं नाही.