चनबसप्पांनी न दिलेला पुरावा

चनबसप्पा सोलापुरात कायदा शिकवायचे. चौऱ्याहत्तर साली त्यांनी पीएच.डी.ला विषय घेतला, 'खासगीपणाचा हक्क'. आणि राहायचे कुठं, तर गिरणीच्या चाळीत! तिथं एका घरात फोडणी करपली की चौथ्या खोलीतून विचारणा व्हायची.

पुण्याच्या परीक्षकांनी आधीच खडसावलं होतं, आपल्या लोकांना खासगीपण हवं असतं याचा पुरावा आणा, नाहीतर प्रबंध परत. प्रबंध परत म्हणजे कॉलेजातली तात्पुरती नोकरीही गेली. त्यांच्या बायकोनं, हेमावतीबाईंनी, लगेच वाण्याची उधारी मोजायला घेतली.

मग चनबसप्पा चाळभर विचारत सुटले, शेजाऱ्यांपासून तुम्ही काही लपवता का? आता हे कुठं विचारावं याची तरी अक्कल हवी की नको? विचारलं भर नळावर! रंभाबाईला विचारलं तर उत्तर मल्लव्वानं दिलं, आणि मल्लव्वाला विचारलं तर सगळ्या रांगेनं. लपवण्यासारखं कुणाकडं काहीच न्हाय म्हणे. चनबसप्पांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई शेंगाची चटणी द्यायच्या निमित्तानं आली. दार लोटून म्हणाली, "मास्तर, नळावर मी खोटं बोलले. पर कुणाला सांगू नका." आणि सांगितलं की सगळं! मग मल्लव्वा आली. तिप्पण्णानं तर त्यांना देवळामागं गाठलं. बघता बघता अख्खी चाळ मन मोकळं करून गेली. हेमावतीबाईंनी खोदून खोदून विचारलं, रुसून पाहिलं, अळणी आमटी वाढली. पण गड्याच्या तोंडून अवाक्षर निघेना. काय काय होतं ते आम्हालाही कधी कळलं नाही, याचा राग अजून आहे.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, पुरावा कुठाय?

"भरपूर आहे," चनबसप्पा म्हणाले, "पण कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय."

परीक्षक भडकले. बाकीच्यांना बाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं. निदान नाव गाळून एखादं तरी सांगा, म्हणाले. चनबसप्पांची नोकरी डोळ्यांदेखत चालली होती. तरी त्यांनी मान हलवली ती नाहीच म्हणून.

मग परीक्षक उठून दाराची कडी तपासून आले, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाले, "अहो, माझंही एक आहे. आमच्या हिलासुद्धा ठाऊक नाही."

ते सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सही केली.