पुढच्या शिमग्यातला गुरुवार

पवईच्या एका ऑफिसात मी दिवसभर फोनवर बसते आणि लोकांच्या बंद पडलेल्या साईट्स उघडून देते. समोरचा माणूस घाबरून सांगतो, मॅडम, लाल अक्षरांत आलंय, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही, सर्टिफिकेटची मुदत संपली. मी विचारते, स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख काय दिसते? दहातले चार जण तिथेच ओशाळतात. प्रत्येक साईटकडे ओळखीचा एक कागद असतो, त्यावर मुदत लिहिलेली असते, आणि ब्राउझर ती मुदत आपल्याच मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ चुकलं की खरा कागदही खोटा ठरतो. तारीख दुरुस्त करा, झालं. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला दम देऊन सांगते: खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ असं येतं, तिथे बोट लावायचं नाही.

इतकी शहाणी मी, आणि माझ्याच घरी तो एरर आला तेव्हा आधी राउटरला शिव्या घातल्या, मग हॉस्पिटलच्या साईटला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आमचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, खाडीच्या तोंडावर. ओटीवर ऑफिसने भंगारात काढलेलं एक जुनं मशीन मी आणून ठेवलं होतं. त्या वर्षी आईला आतून पोखरणारा आजार निघाला. दर बुधवारी रक्त तपासायला द्यायचं, गुरुवारी सकाळी साईटवर रिपोर्ट बघायचा, आकडे बरे असले तर डॉक्टरांना फोन करायचा आणि तिला इंजेक्शनला न्यायचं. आकडे पडले असले तर ते इंजेक्शनच तिला घेऊन जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे गुरुवारी ती साईट उघडणं ही साधी गोष्ट नव्हती. आणि दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ती उघडेना.

अर्ध्या तासाने माझी नजर कोपऱ्याकडे गेली. मशीन मार्चमध्ये होतं. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये, एका गुरुवारी. मी स्वतःलाच हसले, तारीख मागे आणली, रिपोर्ट बघितला, आईला घेऊन गेले.

पुढच्या गुरुवारी परत तोच एरर. कोपऱ्यात परत मार्च, तोच गुरुवार.

आतलं बटणाएवढं सेल संपलं असेल म्हणून मी अंधेरीहून नवं आणून बसवलं. पण सेल संपलेलं मशीन मागे पडतं, वर्षानुवर्षं मागे. पुढे जाऊन एकच दिवस धरून बसत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी सेल बदललं. मग नेटवरून आपोआप वेळ जुळवायची सोय चालू केली. पण घड्याळ फारच लांब गेलेलं असलं की ते जुनं मशीन वेळ जुळवायलाच नकार द्यायचं. तिसऱ्या गुरुवारी मी ओटीवर येऊन नुसती उभी राहिले. मशीन चालू होतं, घरात बाकी कोणी हललेलं दिसत नव्हतं, आणि कोपऱ्यात तो मार्चचा दिवस बसला होता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या तारखेचं काहीतरी आमच्या घरात काम होतं, असं मला वाटलं.

मी एक दिवस रजा टाकून माजघरात लपून बसले. लाज वाटण्यासारखंच होतं ते. सकाळी आई झोपलेली असताना बाबा ओटीवर आले. साठ वर्षं जाळी ओढलेल्या त्या हातांत माउस खेळण्यासारखा दिसायचा. त्यांनी कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, कॅलेंडर उघडलं, एकेक महिना पुढे नेत मार्चवर आले, एका दिवसावर टिचकी मारली आणि बराच वेळ बघत राहिले. मग उघडलेलं दार आपण लोटून घेतो तशा सवयीने ओके दाबून उठले. त्या जुन्या मशीनची ती खोड होती. कॅलेंडर नुसतं बघायचं म्हणून उघडावं, पण ओके म्हटलं की मशीन तीच तारीख खरी मानून चालतं.

मी बाहेर आले ती भडकूनच. तुमच्यामुळे आईचे रिपोर्ट दिसत नाहीत, कशाला बदलता तारीख, असं बरंच बोलले.

“बदलत नाय गो मी,” बाबा म्हणाले. “नुसतं बगतंय.”

काय बघता, म्हणून विचारलं तर त्यांनी आधी आत आईच्या खोलीकडे बघितलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात, माणसाचा जीव भरतीवर जात नाही, ओहोटीवर जातो. आजारी माणसाच्या उशाशी बसलेली बाई आधी खाडीकडे बघते आणि मग पेज करायला घेते. आईने आपली ओहोटी निवडून ठेवली होती. शिमगा करूनच जायचं होतं तिला. होळी पुनवेनंतर दोन दिवसांनी पाणी सगळ्यात खाली उतरतं, तो दिवस. सण दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे येतो, म्हणून यंदाच्या होळीच्या तारखेतून अकरा दिवस वजा करून पुढची होळी तिने मनातल्या मनात काढली होती. फक्त वार कळत नव्हता, नव्या वर्षाचं कॅलेंडर यायचं होतं, म्हणून तिने बाबांना मशीनवर बघायला लावलं. वार तिला गुरुवार हवा होता. चाळीस वर्षं बाजारात बसलेली बाई ती. गुरुवारी निम्मी मुंबई मासे खात नाही, बायकांचा धंदा तसाही बसलेला असतो. रविवारी-बुधवारी गेलं तर सगळ्या टोपल्या टाकून येतील आणि मग वर्षभर बोलतील, असं ती बाबांना म्हणाली होती.

बाबांनी बघितलं. गुरुवारच निघाला.

“मग परत परत काय बघता?” मी विचारलं.

“वार बदलला त थांबल ती,” बाबा म्हणाले.

पोथीत, पंचांगात छापलेलं बदलत नाही हे त्यांना कळत होतं. पण मशीनमधल्या गोष्टी बदलतात, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

त्यानंतर मी त्यांना काही बोलले नाही. दर गुरुवारी एरर यायचा, मी तारीख मागे आणायचे, रिपोर्ट बघायचे. चीड यायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. लाल अक्षरं दिसली की कळायचं, तो दिवस अजून लांब आहे, मशीन चुकतंय. एकदा मी हॉस्पिटलच्या साईटचा कागद उघडून त्याची मुदत वाचली. ती होळीच्या चार दिवस आधी संपत होती. योगायोगच. मी तो कागद परत उघडला नाही.

होळीला आईने हिरवं लुगडं नेसवून घेतलं. दारात खुर्चीवर बसून तिने नाचणाऱ्या पोरींच्या पायांना नावं ठेवली, दोन घास पुरणपोळी खाल्ली. आकडे चांगले होते, चेहऱ्यावर रंग होता. मला वाटलं, जमलं आपल्याला.

गुरुवारी सकाळी नऊला मी मशीनसमोर बसले. साईटचं नाव टाकलं आणि हात तारखेकडे न्यायच्या तयारीत ठेवला. साईट उघडली. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही, काही नाही. रिपोर्टही आला, तोही चांगला.

मी एररची वाट बघत बसले. मग कोपऱ्यात बघितलं. तोच मार्च, तोच गुरुवार. मशीन चुकत नव्हतं. हॉस्पिटलने मुदत संपायच्या आत नवा कागद लावला होता आणि तारीख खरी होती, एवढंच झालं होतं. नोकरीतल्या इतक्या वर्षांत एखादी साईट व्यवस्थित उघडल्याची भीती मला कधी वाटली नव्हती.

मी डॉक्टरांना फोन केला, म्हटलं आज इंजेक्शन नको. कारण सांगता आलं नाही. दुपारी एकपर्यंत पाणी भरत होतं. आई पेज प्यायली, माझ्याशी भांडली, बोंबील नीट वाळले नाहीत म्हणून शेजारणीला ओरडली. एकनंतर पाणी फिरलं, तशी ती गप्प होत गेली. बाबा उंबऱ्यावर खाडीकडे तोंड करून बसले होते. ते एकदाही आत आले नाहीत. दिवेलागणीला होड्या चिखलात टेकल्या, आणि आई गेली. बाजारातल्या सगळ्या बायका आल्या. कोणाचाच धंदा बुडला नाही.

त्यानंतर मशीन शहाण्यासारखं चालू लागलं. बाबा त्याच्याकडे फिरकत नव्हते. मी हळूहळू ते सगळं विसरायला शिकत होते.

गेल्या आठवड्यात बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ घ्यायला मी त्याच साईटवर गेले. लाल अक्षरं आली. सर्टिफिकेटची मुदत संपलेली आहे.

बाबा आत चहा गाळत होते. त्यांच्या भांड्याचा आवाज येत होता. तारीख पुढची आहे एवढं मला कळलं होतं. किती पुढची, ते मला बघायचं नव्हतं. मी डाव्या हाताच्या अंगठ्याने स्क्रीनचा तो कोपरा झाकला, आणि उजव्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा, ‘तरीही पुढे जा’ दाबलं.