भट्टीवाल्या काकूंचा खजूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. भट्टीवाल्या काकूंच्या ओट्सच्या बिस्किटांचा डबा आमच्या साहेबांपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

काकू आमच्या शेजारच्या. घरात ओव्हन नव्हता, म्हणून औरंगपुऱ्यातल्या एका बेकरीत पाव निघाले की उतरत्या आचेवर आपले ट्रे लावायच्या. फडक्यानं झाकलेला ट्रे मांडीवर घेऊन रिक्षात बसलेल्या काकू सगळ्या गल्लीच्या ओळखीच्या. बेकरीवाले चाचा ओरडायचे, "आपा, जल्दी लाव, भट्टी उतर री!" काकू म्हणायच्या, "उतरू द्या की. माझ्या बिस्किटाला म्हातारी आच लागते, तुमच्यासारखी." चाचा हसत लांब दांड्याची फळी पुढं करायचे.

ओट्स तुपावर भाजायचे, निम्मे जाडसर दळायचे. त्यात गूळ, जर्दाळू, काळे मनुके आणि वाटलेला खजूर. खजुरावरच ते सगळं धरलेलं. मैद्याचा कण नाही.

कौतुक मात्र त्यांना चालायचं नाही. "छान झालंय" म्हटलं की चिडायच्या. "छान हाय ते मला बी ठावं हाय. कमी काय हाय ते सांगा." सांगितलेली चूक त्या वहीत लिहून ठेवायच्या आणि पुढच्या खेपेला सुधारायच्या.

काका गेल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, आता स्वतःची भट्टी टाकायची. चितेगावच्या आमच्या कंपनीत चहाबरोबर रोज बिस्किटं लागत. "भाऊ, साहेबांना एकदा चाखवा. बाकी माझं मी बघते." मी डबा नेला. पोचे आलेला स्टीलचा डबा, आत वर्तमानपत्र, प्रत्येक बिस्किटावर काकूंच्या अंगठ्याचा ठसा. साहेबांच्या दाराशी मला त्या डब्याची लाज वाटली. दुपारी तो गेटवरच्या वॉचमनना देऊन टाकला. त्यांनी मिटक्या मारत संपवला.

संध्याकाळी काकू फाटकातच उभ्या.

"काय म्हणले साहेब?"

"नाही जमलं, काकू."

"का? काय कमी होतं?"

काहीतरी सांगायलाच हवं होतं. "खजूर जास्त वाटला त्यांना."

"व्हय का," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

त्यानंतर वर्षभर त्या वहीतलं प्रमाण खोडून खजूर कमी करत राहिल्या. दर आठवड्याला दोन बिस्किटं माझ्याकडं यायची. "आता बघा." बिस्किट हातातच भुरभुरायचं. गिऱ्हाइकं तुटली. चाचांनी तोंडावर सांगितलं, "आपा, पहलेवालाच अच्छा था."

"मोठ्या साहेबाची जीभ हाय ती, चाचा. उगं बोलतील व्हय?"

मी तिथंच उभा होतो. पाव घेतले आणि निघालो.

भट्टी झाली नाही. मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. त्यांची लेक सुनंदा बिडकीनला असते. तिनं आता छोटा ओव्हन घेतलाय. परवा तिनं आणलेलं बिस्किट बशीतच मोडून पडलं. "आईच्या वहीतलंच प्रमाण घेतलं, दादा, पण धरतच नाय बघा. माझ्याच हाताला गुण नाय." मी खाली मान घालून चहा पीत राहिलो.

काकूंची माफी आता मागता येत नाही. पण खजुराची ती चूक मी रचलेली होती, हे सुनंदाला तरी सांगायलाच हवं. अजून सांगितलेलं नाही.