नोव्हायमधला अंडरआर्म उन्हाळा

किस्से म्हणजे बेसमेंटमधलं सामान. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण फेकवतही नाही! अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या क्रिकेट क्लबचं एटीजमधलं एक अख्खं समर असंच पडून आहे.

दोष बापट डॉक्टरांचा. हॉस्पिटलात भूल देणं हा त्यांचा धंदा, इंग्लंड हा छंद. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात वर्षभर कायकाय खेळलं जायचं, यावर त्यांनी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. पुढच्याच पॉटलकला, हातात साबुदाणा वडा धरून, घोषणा झाली.

"या समरला आपण ओरिजिनल क्रिकेट खेळायचं! अंडरआर्म बोलिंग, पॅड नाहीत, डोक्यावर टॉप हॅट."

"आणि साहेब कोण व्हायचं?" मी विचारलं.

"रोटेशननं!"

*

हॅट मिळाल्या कॉस्च्युमच्या दुकानात, जादूगाराच्या. पांढऱ्या पँटी आणि काळ्या उंच हॅट घालून आम्ही बेसबॉलच्या मैदानावर पसरलो. वॉकला आलेली एक अमेरिकन आजी थबकली.

"तुम्ही आमिश का?" आमिश म्हणजे काळ्या हॅट घालून, घोडागाडीतून फिरत जुन्या काळातच राहणारा इथला एक ख्रिस्ती पंथ.

बापट डॉक्टर ताठ झाले. "नो मॅडम, कोकणस्थ!"

आमचा फास्ट बोलर कांबळे, मूळचा नागपूरचा, ब्रेक डिझाइन करणारा इंजिनिअर, मागून ओरडला, "डॉक्टर, स्वतःपुरतं बोला!"

*

पॅड नसल्याचा फायदा मला पहिल्याच मॅचला झाला. गुडघ्याची वाटी तडकली. स्ट्रेचरवर पडलो, तर शेजारी बापट डॉक्टर हजर.

"घाबरू नकोस, भूल मीच देणार आहे."

"ती तुम्ही समरच्या सुरुवातीलाच दिलीत!"

*

जुन्या पद्धतीत बाउंड्री नव्हती. सगळ्या रन्स पळून काढायच्या, बॉल हरवला तरच थांबायचं. एकदा बॉल शेजारच्या कुत्र्यानं पळवला आणि पुढ्यात ठेवून गुरगुरत बसला. जवळ जायची कुणाची टाप नाही. बॅट्समन पळतायत, पळतायत...

"डॉक्टर, आता तरी लॉस्ट बॉल द्या!" त्यातला एक धापा टाकत अंपायर बापटांना म्हणाला.

"बॉल समोर दिसतोय. हरवला कुठे?"

शेवटी दोघं पिचवर आडवे झाले. "मग आम्ही हरवलो असं समजा!"

*

समरच्या शेवटी डेप्युटेशनवर आलेल्या ब्रिटिश इंजिनिअर्सशी मॅच ठरली, याच जुन्या नियमांनी. जिंकेल त्याला रविवारचं ग्राउंड. ती आम्ही हरलो आणि ग्राउंड गेलं, हे आधीच सांगून टाकतो.

शेवटची विकेट हवी होती. बोलिंगला कांबळे, अंपायर बापट. कांबळेचा हात सवयीनं खांद्याच्या वर गेला आणि त्यांच्या कॅप्टनचा मधला स्टंप उडाला.

"नो बॉल!" बापट गरजले.

पुढच्या बॉलला हात पुन्हा वर, स्टंप पुन्हा आडवा.

"नो बॉल! कांबळे, हात खाली!"

आता खुद्द त्या इंग्रज कॅप्टनलाच राहवेना. तो म्हणाला, "डॉक्टर, जाऊ द्या. आमच्याकडे हा नियम केव्हाच बदलला."

"आमच्याकडे नाही!" बापट म्हणाले.

सगळे खो खो हसले. कांबळेनं बॉल पँटला पुसला, रनअपला परत गेला आणि तिथून म्हणाला, "डॉक्टर, नीट बघा हं. आता आणखी वर जाणार आहे."