एप्रनवरची संध्या

विमानाच्या शिडीकडे निघालेल्या रांगेतून एक पॅसेंजर बाहेर पडला, पश्चिमेकडे चालत गेला आणि डांबरावर चक्क मांडी घालून बसला. मग त्याने नाक धरलं. मी टर्मिनलच्या दारातून बघत होतो, मला काही उमजेना. तेवढ्यात वॉकीटॉकीवर आवाज आला, "सर, एक आदमी हँगर की तरफ इशारे कर रहा है."

बनारसपासून दोन तासांवरच्या या एअरपोर्टचा मी टर्मिनल मॅनेजर. एअरपोर्ट म्हणायचं खरं, पण धावपट्टी आणि टॉवर हवाई दलाचे. आमची फक्त छोटी इमारत आणि विमान उभं करायची जागा, म्हणजे एप्रन. एप्रनच्या कडेला पिवळी रेघ असायची, तिच्यापलीकडे त्यांचं राज्य. त्या आठवड्यात नवं डांबर पडलं आणि रेघ त्याखाली गेली. ती पुन्हा कोणी मारायची, यावर अजून एकमत नव्हतं.

धावत गेलो तर बनारसच्या आमच्याच मंगला गौरीच्या गल्लीतले लेलेगुरुजी. दुपारीच चेक-इनला भेटले होते. बायको पुण्याला मुलीकडे, दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचं ऑपरेशन. बनारसच्या बाबतपूर एअरपोर्टवरून तिकीट मिळालं नाही म्हणून इथे आले होते. आमची दिवसाची ही एकच फ्लाइट, तीही उशिरा आलेली. आता सूर्य बुडत होता आणि गुरुजी पाण्याच्या बाटलीने अर्घ्य देऊन जपाला बसले होते. दोन बंदूकधारी जवान त्यांना नाव विचारत होते. गुरुजींनी तळहात दाखवला, थांबा म्हणून. जवानांना तोही इशाराच वाटला.

जीपमधून हवाई दलाचे साहेब, स्क्वाड्रन लीडर, उतरले.

"किसको सिग्नल दे रहे हैं ये?"

"सर, सूर्य को."

"बोलते क्यों नहीं?"

"जप चल रहा है. बीच में बोलते नहीं."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच माझा संशय यायला लागला. मग म्हणाले, "ये आपकी तरफ बैठे हैं या हमारी?"

प्रश्न साधा नव्हता. आमच्या हद्दीत असतील तर आमची सिक्युरिटी दोन प्रश्न विचारून सोडणार, त्यांच्या हद्दीत असतील तर गार्डरूममध्ये चौकशी. मी म्हटलं, आमच्या. ते म्हणाले, रेघ दाखवा. सगळीकडे काळंभोर डांबर, रेघ कुठून दाखवू?

एअरलाइनची मुलगी पळत आली. हवाई दलाचा सराव सुरू व्हायचा होता, कॅप्टनला थांबता येत नव्हतं. गुरुजींची बॅगही उतरवली होती. माणूस विमानात नसेल तर त्याची बॅग जात नाही, असा नियम आहे.

जप संपला. गुरुजी उठले, त्यांनी चारी दिशांना नमस्कार केला, हँगरलाही, आणि शांतपणे म्हणाले, "चल रे पाटणकर, चढायचं ना?"

रेघ काही दाखवता आली नाही, म्हणून त्यांना गार्डरूममध्ये नेलं. चौकशी चालू असतानाच विमान गेल्याचा आवाज आला. गुरुजी, साहेब, डांबर टाकणारा, मला सगळ्यांचाच राग आला होता. साहेबांचं समाधान झालं, त्यांनी चहाही मागवला, पण गुरुजींनी कप बाजूला सारला. "पाटणकर, आता तिला काय सांगू रे?"

मी काकूंना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"बसलात का विमानात?" काकूंनी विचारलं.

"विमान गेलं गं. संध्येला बसलो आणि गडबड झाली. आज तरी चुकवायची नव्हती, तुझ्यासाठी."



"नीट झाली का?"

"झाली."

"मग घाबरता काय? ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत, तुम्ही नाही. जेवून घ्या."

गुरुजी रडायला लागले. साहेबांनी मला विचारलं, "क्या कहा उन्होंने?" मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

काकूंचं ऑपरेशन नीट झालं. गुरुजी दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइटने गेले, तेव्हा त्या शुद्धीवर येऊन त्यांचीच चौकशी करत होत्या. रेघेचं म्हणाल तर शेवटी दोन्ही बाजूंनी आपापली मारली. त्यामुळे आता दोन आहेत, आणि खरी कोणती ते मला विचारू नका.

एवढं मात्र शिकलो. संध्याकाळच्या फ्लाइटला धोतर-उपरणं दिसलं की मी चेक-इनलाच गाठतो, "गुरुजी, संध्या इथेच उरकून घ्या, मागे खोली आहे." परवा एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आणि तुमची?"

मी म्हटलं, मी ड्यूटीवर आहे.